न निजणाऱ्याला जागवणारी गाणी

आपल्या पूर्वजांनी आयुष्याची मोजदाद करण्यासाठी शरद ऋतू निवडला आणि देवापाशी शंभर शरद मागितले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण पावसाळा आशेत आणि धास्तीत जातो, उन्हाळा नुसता सोसण्यात जातो, परंतु आश्विन-कार्तिकात आभाळ निवळून शेतातले पीक जसे असेल तसे डोळ्यांसमोर उभे राहिले, की वर्षाने काय दिले आणि काय नेले याचा ताळेबंद मांडल्यावाचून गत्यंतर उरत नाही. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे माझे आजोळ. तेथल्या काळ्या रानात या दिवसांत कापसाची बोंडे फुटू लागतात, रब्बीच्या ज्वारीची पेरणी चाललेली असते, आणि सोयाबीन काढून ढीग घातले न घातले तोच परतीचा पाऊस कधी कधी घात करून जातो. वैद्यांनी शरदाला आपली माता म्हटले आहे ते शरीराच्या व्याधींमुळे. पण मनाच्या व्याधीही याच ऋतूत वर येतात, आणि या मुलखाने त्यांवर जो उपचार योजला तो गाण्याचा आहे.

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मराठवाड्यात गावोगावच्या देवळांतून भल्या पहाटे काकडा चालतो. काकडा म्हणजे मुळात कापडाला पीळ घालून तेलातुपात भिजवलेली जाड वात. ती पेटवून देवाला ओवाळायची, म्हणून ती काकड आरती. आणि त्या निमित्ताने जी गाणी म्हणायची त्या सगळ्यांनाच आता काकडा हे नाव पडले आहे. वालूरला आजीचा हात धरून मी पहिल्यांदा काकड्याला गेलो तेव्हा माझे वय आठ वर्षांचे असेल. बोळ अंधारे होते, धुळीवर दव पडून ती पायाला गार लागत होती, आणि देवळात मोजून पंधरा-वीस माणसे, डोक्याला उपरणी गुंडाळून, टाळ हातात घेऊन बसलेली होती. गाण्यांचा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिरस्त्याने ठरलेला: आधी देवाला उठवण्याचे अभंग, मग भूपाळ्या, मग वासुदेव, जोगी, आंधळा, पांगळा ही रूपके, पुढे गौळणी, आणि उजाडता उजाडता आरती.

भूपाळीविषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. शास्त्रीय संगीतातला भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहरात गायचा राग, आणि भूपाळी मात्र पहाटेची. नेमके तेच पाच स्वर घेऊन सकाळी गायिला जातो तो देशकार. त्यात धैवताला प्राधान्य मिळते, गांधाराचा मान कमी होतो, आणि तेवढ्या फरकाने दिवस मावळण्याऐवजी उगवू लागतो. सांत्वनाचेही काहीसे असेच असावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. दुःखाचे स्वर कोणी बदलून देत नाही. भर कोठे द्यायचा एवढेच गाणे शिकवते.

परंतु या गाण्यांच्या मुळाशी एक तात्त्विक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो सर्वसाक्षी आहे तो निजतो कसा? आणि जो निजत नाही त्याला उठवायचे म्हणजे काय? शास्त्रार्थाने पाहिले तर गुंता आणखी वाढतो. आषाढ शुद्ध एकादशीला देव शयन करतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे प्रबोधिनीला, जागा होतो, असे चातुर्मासाचे गणित. काकडा मात्र त्याआधी जवळजवळ पंचवीस दिवस सुरू झालेला असतो. म्हणजे शास्त्राने ज्या काळात देवाला झोपेची मुभा दिली आहे, त्याच काळात भक्त त्याला रोज पहाटे हाका मारतो. पंढरपुरात तर कार्तिकी यात्रेच्या सुमारास देवाचा पलंग काढला जातो, अहोरात्र दर्शन चालू राहते, आणि यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होऊन मगच देवाला विसावा मिळतो. तर्काला यातले काहीच एकमेकांशी जुळत नाही. मला या विसंगतीचा उलगडा कोणत्याही ग्रंथात झाला नाही. तो आजीच्या वागण्यात झाला.

माझा मधला मामा एका श्रावणात शेतावर सर्पदंशाने गेला. तेवीस वर्षांचा होता. घरात येणारेजाणारे पुष्कळ. त्यांत प्रवचन करणारे एक वृद्ध गृहस्थही होते. ते आजीपुढे बसून कळवळ्याने म्हणाले, “माय, आत्म्याला मरण नाही. गेलं ते शरीर.” आजीने हात जोडले आणि म्हणाली, “खरं हाय महाराज. पर भाकरी एक जास्तीचीच होती.” त्या दिवसांत पीठ मळताना तिचा हात नेहमीच्या मापाने चाले आणि शेवटची भाकरी उरे. महाराजांनी सांगितलेले सत्य तिने नाकारले नव्हते. त्या सत्यात त्या उरलेल्या भाकरीला जागा नव्हती, एवढेच. भाद्रपद गेला, नवरात्र गेले. कोजागरीची रात्र सरता सरता ती कोणालाही न सांगता उठली, अंघोळ केली आणि देवळाकडे निघाली. बायकांच्या बाजूला खांबाशी बसून तिने भूपाळी म्हटली. मोठ्याने नाही, लेकराला उठवताना आई जसा आवाज हळू ठेवते तसा. पुढे महिनाभर तिचा एकही काकडा चुकला नाही.

मला तेव्हा कळले नाही, पण आता कळते. ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याला आपण सहसा घेणारा बनवतो. धीर घ्या, प्रसाद घ्या, उपदेश घ्या. काकडा त्याला देणारा बनवतो. देव लहान होऊन निजतो ते याचसाठी, की ज्या हातांना आता कोणाला जागे करायचे उरले नाही त्या हातांना काम मिळावे. देव खरोखर झोपतो का, हा प्रश्न मग मला गैरलागू वाटू लागतो. देवाला झोपेची गरज नसेल. आजीला तो झोपलेला असण्याची गरज होती, आणि भक्तिसंप्रदायाचा देव इतका उदार आहे की भक्ताच्या गरजेखातर तो विटेवर अठ्ठावीस युगे उभा राहतो तसाच निजूही शकतो. याला कोणी कल्पनेचा खेळ म्हणेल. मी याला करुणेचे सर्वांत सूक्ष्म रूप म्हणतो.

ज्ञान आणि गाणे यांतला हा भेद आमच्या मुलखाला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. संत नामदेवांचे गाव म्हणून मानले जाणारे नरसी १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. जनाबाईंचे गंगाखेड आजही आहे. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. जाणारा स्वतः अद्वैताचा परमज्ञानी, वयाने अवघा एकवीस वर्षांचा, आणि मागे राहणाऱ्यांनाही आत्म्याच्या अमरत्वाविषयी शंका नव्हती. तरी नामदेवांनी त्या प्रसंगावर जे अभंग रचले त्यांत भावंडांचा आणि संतमेळ्याचा शोक ओसंडून वाहतो, आणि प्रत्यक्ष पांडुरंगही त्या शोकातून सुटत नाही. हे अभंग वाचताना मला प्रत्येक वेळी जाणवते की नामदेव येथे तत्त्वज्ञानाशी भांडत नाहीत. मृत्यू मिथ्या आहे हे खरे, आणि वियोग खरा आहे हेही खरे. पहिले सांगायला ग्रंथ पुरतो. दुसरे सांगायला गाणे लागते. आणि ज्याच्या सत्याला कोणीतरी मान्यता दिली आहे, त्याचेच सांत्वन होऊ शकते.

याच्या विरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे व तो क्षुद्र लोकांनी घेतलेला नाही. ख्रिस्ती संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे की प्रार्थनामंदिरात गाइलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन अधिक हलले तर तो त्यांना स्वतःचा अपराध वाटतो. सुरांची गोडी देवाची जागा घेईल, ही त्यांची भीती. सूफींच्या ‘समा’विषयीही, म्हणजे भक्तिगायनाच्या श्रवणाविषयीही, असाच वाद शतकानुशतके चालला; आमच्याच मराठवाड्यात, खुलदाबादला, चौदाव्या शतकात शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी मात्र समाचा उत्कटतेने पुरस्कार केला. मी या वादात शेखसाहेबांच्या बाजूचा आहे, परंतु ऑगस्टीन यांची भीती मला खोटी वाटत नाही. एकट्याने, अंथरुणात पडल्या पडल्या, दुःखाला गोंजारण्यासाठी ऐकलेले गाणे माणसाला त्याच्याच दुःखात अधिक खोल नेऊन सोडते. मी तसे केले आहे आणि त्याने काही हलके झाले नाही.

काकडा या धोक्यातून वाचतो तो त्याच्या रूपकांमुळे. भूपाळी संपली की तीच माणसे आंधळ्याचा अभंग म्हणू लागतात, पांगळ्याचा म्हणू लागतात. डोळसाने आंधळा व्हायचे, धडधाकटाने पांगळा होऊन दाराशी हात पसरायचा. आपल्या साहित्यशास्त्रात साधारणीकरण हा शब्द आहे: भाव जेव्हा माझा किंवा तुझा राहत नाही, त्याच्या अंगावरची मालकीची खूण गळून पडते, तेव्हाच तो रस होतो. भट्टनायकांनी मांडलेला आणि अभिनवगुप्तांनी काश्मिरात पुढे नेलेला हा विचार मला वालूरच्या देवळात, त्याचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्यांच्या तोंडून, रोज पहाटे सिद्ध होताना दिसला. ज्याच्या सोयाबीनवर पाणी पडले तो, ज्याचा मुलगा शहरातून परतला नाही तो, आणि जिची भाकरी उरते ती, अशी सारीच मंडळी जेव्हा एका सुरात आपण पांगळे असल्याचे म्हणतात, तेव्हा पांगळेपण कोणा एकाच्या खात्यावर मांडलेले राहत नाही. गावच्या दफ्तरात सातबारा वेगळे असतात. त्या घटकेपुरते दुःख सामाईक होते.

वालूरला एक जुनी चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्याशी जातात. कित्येक वर्षे ती गाळाने व काडीकचऱ्याने भरली होती, ती गावकऱ्यांनी खपून मोकळी केली, आणि आता लांबलांबून लोक ती पाहायला येतात. ते येतात दिवसा, आणि त्यात वावगे काही नाही. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की आश्विन-कार्तिकात आलात तर एक रात्र मुक्काम करा आणि पहाटे देवळात येऊन बसा. अलीकडे पुष्कळ ठिकाणी भोंग्यावर ध्वनिमुद्रित काकडा लावून माणसे घरीच निजून राहतात. त्याने गावाला जाग येत असेल, पण जागवणारा कोणीच उरत नाही. तुम्हाला गाता येत नसले तरी चालेल. टाळ कोणीतरी हातात देईल, चाल सोपी असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला ती येऊ लागते.

त्या वर्षी समाप्तीच्या दिवशी, कार्तिकी पौर्णिमेला, देवळात काला झाला. आजीने घरून लाह्या आणि दही नेले होते. परत आल्यावर तिने चूल पेटवली, पीठ मळले आणि नेहमीइतक्याच भाकरी थापल्या. शेवटची उरली ती तिने वासुदेवाच्या झोळीत घातली.