नेम

जबलपूरच्या राणीताल क्रीडा संकुलात मध्य प्रदेश राज्याची तिरंदाजी अकादमी आहे. जबलपूरच्या मुस्कान किरारने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात सांघिक रौप्यपदक मिळवले. अंतिम लढतीत कोरियाचे २३१ गुण, भारताचे २२८. प्रत्येकी २४ बाण आणि फरक तीन गुणांचा.

हंगामाआधीच्या सरावात तिरंदाज लक्ष्याचा रंगीत कागदच काढून टाकतात. चार-पाच पावलांवरच्या कोऱ्या ठोकळ्यावर बाण सोडत राहायचे. गुण नाहीत, हार-जीत नाही. खांदा, कोपर, श्वास, बाणाची सुटका, पुन्हा तेच.

मराठीत निशाण साधणे म्हणजे नेम धरणे. रोज न चुकता पाळायचे व्रत, तोही नेमच. आणि ज्याचा भरवसा नाही, त्याचा 'काही नेम नाही' असे आपण म्हणतो. कोऱ्या ठोकळ्यासमोर पहिला नेम लागतच नाही, दुसरा तेवढा पाळावा लागतो. तिसऱ्याचे सावट सगळ्या शिबिरावर असते.

कारण संघात तिघीच जातात. मग उरलेल्यांची वर्षे वाया गेली का? 'साधना हेच फळ' हे उत्तर माझ्याही ओठांवर येते. पण पदकवाल्याच्या तोंडी ते सोपे आणि प्रेक्षकाच्या तोंडी फुकटचे. निवड हुकलेल्या मुलीने दुसऱ्या सकाळी आपणहून धनुष्य उचलले, तर ते तिचे तिने मिळवलेले उत्तर. आपण एवढेच करावे: तिच्या शिक्षणाची, पोटापाण्याची सोय पदकावर टांगून ठेवू नये. आणि नेम चुकला, म्हणजे नेम मोडला, असे समजू नये.