सिनेमाच्या कपाटात नसलेले कागद

चित्रपट दिग्दर्शकाचं चरित्र लिहायला घेतलं की पावलं पुण्या-मुंबईकडे वळतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पी. के. नायर यांनी ते जिद्दीनं उभं केलं. तिथे फिल्मा आहेत, पोस्टरं आहेत, थेटराच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या आहेत. व्ही. शांतारामांच्या अभ्यासकाला तर 'शांतारामा' हे आत्मचरित्रही हाताशी मिळतं. तरीही मला वाटतं, 'दो आँखें बारह हाथ' ज्याला मुळापासून समजून घ्यायचा आहे त्यानं आधी सातारा जिल्ह्यातलं औंध आणि सांगली जिल्ह्यातली आटपाडी गाठावी.

१९५७ चा हा चित्रपट. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर नेऊन त्यांच्याकडून माळरान पिकवून घेणारा तुरुंगाधिकारी शांतारामांनी स्वतः रंगवला. कथा ग. दि. माडगूळकरांची. आणि या कथेखालची जमीन खरोखरच जमीन होती: आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत. औंध संस्थानानं १९३९ मध्ये ती वसवली. भिंत नाही, कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. ती आजही महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडे चालू आहे.

त्याच १९३९ च्या जानेवारीत औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना जाहीर करून सत्ता प्रजेच्या, गावच्या पंचायतींच्या हाती दिली. हे दोन निर्णय एकत्र वाचायला हवेत. गावाला स्वतःचा कारभार जमेल असा ज्या राज्याचा विश्वास, त्याच राज्याला कैदीही विश्वासानं वागेल असं वाटलं. स्वतंत्रपूर ही कुणा एका भल्या माणसाची लहर नव्हती. तिच्यामागे राजा होता, कारभार सांभाळणारा त्याचा मुलगा आप्पासाहेब पंत होता, आणि बंगळूरच्या सरकारी कारखान्यातली नोकरी सोडून आलेला पोलिश ज्यू इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन होता.

आता पडद्याकडे वळा. तिथे राजा नाही, पंचायत नाही, घटना नाही, फ्रीडमन नाही. एकटा तुरुंगाधिकारी आदिनाथ आहे आणि त्याचे दोन डोळे. मूळ प्रयोग आणि पटकथा शेजारी ठेवली की शांतारामांनी काय गाळलं ते दिसतं, आणि त्या गाळण्यात मला त्यांचं चरित्र सापडतं. 'कुंकू'मधली नीरा, 'माणूस'मधला हवालदार, 'डॉ. कोटणीस'मधला डॉक्टर ही सगळी परिस्थितीला एकट्यानं भिडणारी माणसं. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीचा 'माणूस' झाला तोही १९३९ मध्येच. संस्थेनं, समाजानं मिळून केलेली सुधारणा शांतारामांच्या कॅमेऱ्याला फारशी खुणावत नसे. हवा असे तो एक माणूस आणि त्याचा हट्ट. प्रभातच्या भागीदारीतून बाहेर पडून १९४२ साली स्वतःचा राजकमल स्टुडिओ उभारणाऱ्या माणसाला हे स्वाभाविकच होतं.

आत्मचरित्र ही फट दाखवणार नाही, कारण तिथेही गोष्ट एकाच माणसाची असते. शांतारामांची आठवण खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. या चित्रपटातल्या बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना झालेली इजा ही खरीच घटना आहे, आणि पुढच्या 'नवरंग'च्या सुरुवातीला ती त्यांनी प्रेक्षकांना सांगितलीही. पण आठवणीच्या केंद्रस्थानी आठवणारा असतो. त्याच्या आजूबाजूला कोण उभं होतं हे पाहायला परक्यानं लिहिलेले, कोरडे, कंटाळवाणे कागद लागतात.

माडगूळकरांची या कथेपर्यंतची वाट तशी सोपी आहे. जन्म शेटफळ्याचा, शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असं संस्थानी गावांतच झालेलं. स्वतंत्रपूर त्यांना पुस्तकातून शोधावं लागलं नाही, ते गावाकडचंच होतं. धाकट्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'ही त्याच संस्थानातली. एकाच मुलखानं एका भावाला पटकथा दिली, दुसऱ्याला कादंबरी.

फ्रीडमन मात्र वाचनालयाच्या सिनेमाच्या कपाटात कधीच भेटणार नाही. तो भेटतो अध्यात्माच्या कपाटात: निसर्गदत्त महाराजांची मुंबईतली संभाषणं इंग्रजीत आणून १९७३ साली ज्यानं जगापुढे ठेवली, तोच हा माणूस. पुस्तकांची विषयवार मांडणी सोयीची खरी, पण एका माणसाचं आयुष्य तिच्यात बसत नाही.

संस्थानी दप्तराचीही वाटणी झाली. औंधचा मुलूख मुळातच विखुरलेला, ७२ गावांचा. १९४८ च्या विलीनीकरणानंतर औंध साताऱ्यात राहिलं, आटपाडी १९४९ मध्ये दक्षिण साताऱ्यात गेली आणि तोच जिल्हा १९६० ला सांगली झाला. गुणदाळचा तुकडा तर आज कर्नाटकात आहे. म्हणून एका चित्रपटाच्या मुळाशी जायला दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्या, एक शेजारचं राज्य, तुरुंग खातं आणि औंधच्या श्री भवानी संग्रहालयासारख्या जागा फिराव्या लागतात. जुन्या हस्ताक्षरांसाठी मोडी यावी लागते. सिनेमावर लिहिणाऱ्या तरुणांनी मोडी शिकावी असं मी म्हणतो तेव्हा लोक चमकून पाहतात, पण मी ते मनापासून म्हणतो.

आणि घाईही करायला हवी. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेटच्या जुन्या फिल्मा आगीत गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरानं सांगलीच्या नगर वाचनालयातली पुस्तकं भिजवली. फिल्म जळाली की बातमी होते. तुरुंगाची जुनी नोंदवही लगद्यासारखी झाली तर कुणाला कळतही नाही, आणि आपल्याला हवी आहे ती नेमकी तीच.

कारण चित्रपटात सहा कैद्यांची गोष्ट आदिनाथाच्या मृत्यूपाशी थांबते. स्वतंत्रपुरात राहून गेलेल्यांची सुटका कधी झाली, ते गावी परतले का, गावानं त्यांना घेतलं का, जमिनीचा तुकडा हाती राहिला का, याची उत्तरं अर्जांत, हुकुमांत, सातबाऱ्यावर शोधावी लागतील. शोधणाऱ्यानं त्यांची नावं झाकून ठेवावीत, कारण नातवंडं अजून त्या गावांत असतील. पण शांतारामांच्या पुढच्या चरित्रकारानं एक प्रकरण या माणसांसाठी राखावं, ज्यात शांताराम एकदाही येणार नाहीत.