चौथा सोबती

चार मित्र सकाळी एका खोलीत शिरतात आणि रात्री बाहेर पडतात तेव्हा त्यांची पहिली तबकडी जवळजवळ तयार असते, ही कथा कोणाला आवडणार नाही? ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनमधील अ‍ॅबे रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडने हे करून दाखविले. दहा वाजता सुरू झालेले ध्वनिमुद्रण रात्री पावणेअकराला आटोपले. तेवढ्या वेळात दहा गाणी झाली, आणि आधीच्या दोन छोट्या तबकड्यांवरील चार गाणी जोडून चौदा गाण्यांचा ‘प्लीज प्लीज मी’ हा अल्बम २२ मार्चला बाजारात आला.

त्या काळचे ध्वनिमुद्रणयंत्र दोनच पट्ट्यांचे. आज गायक एका शहरात, वादक दुसऱ्या शहरात बसून गाणे जुळविता येते. तेव्हा सर्वांनी एकत्र उभे राहून, एकमेकांकडे पाहत, एका दमात वाजवावे लागे. एकाची चूक ती सर्वांची चूक. दुपारी तंत्रज्ञ जेवायला गेले तरी ही मुले तालीम करीत राहिली. जॉन लेननला सर्दी झालेली होती. सर्वांत घसाफोड गाणे म्हणून ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम शेवटी ठेवले होते. ते पहिल्याच प्रयत्नात साधले. दुसरा प्रयत्न करून पाहिला, पण आवाजच उरला नव्हता. तबकडीवर आहे तो पहिला.

या एकजुटीचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. अल्बममधील आठ गाणी मॅकार्टनी आणि लेनन यांची स्वतःची. कोणते कोणी अधिक रचले याचा हिशेब न करता दोघांनी प्रत्येक गाण्याखाली दोघांचीही नावे घातली. १९५७ च्या जुलैत वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत ज्यांची पहिली भेट झाली, त्या दोन पोरांनी ठरविलेला हा व्यवहार. सख्ख्या भावांनाही सहज जमू नये असा!

परंतु त्या दिवशी ड्रम्सवर बसलेला रिंगो स्टार या मंडळीत येऊन सहा महिनेही झालेले नव्हते. त्याच्याआधी त्या जागेवर दोन वर्षे पीट बेस्ट होता. आमचा प्रश्न त्याच्याविषयीचा आहे.

पीटच्या आईने १९५९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या घराच्या तळघरात तरुणांसाठी कॅसबा नावाचा कॉफी क्लब उघडला. तळघराचे छत रंगविण्यात जॉन-पॉलचा हात होता, आणि उद्‌घाटनाच्या रात्री गायलीही हीच मुले. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गच्या क्लबांतून वाजविण्याचे बोलावणे आले तेव्हा ड्रमवादक हवा म्हणून पीटला बरोबर घेतले. तिथे रात्र-रात्र वाजवून हा बँड घडला. त्या परदेशातल्या कष्टांत पीट बरोबरीचा वाटेकरी होता.

६ जून १९६२ रोजी ईएमआय स्टुडिओत त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पीटचे वादन तबकडीसाठी पुरेसे वाटले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, स्टुडिओत आपण दुसरा अनुभवी वादक आणू. रंगमंचावर कोणी बसावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. तशी त्या काळी रीतही होती. पण १६ ऑगस्टला व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी पीटला कार्यालयात बोलावून घेतले आणि तू आता बँडमध्ये नाहीस असे सांगितले. त्या खोलीत जॉन नव्हता, पॉल नव्हता, जॉर्ज हॅरिसन नव्हता.

कार्याच्या भल्यासाठी दुबळ्या सोबत्याला दूर सारणे न्याय्य आहे काय? नाटकमंडळीत किंवा चर्चच्या गायकवृंदात ज्याने काही काळ घालविला आहे त्याला हा प्रश्न परका वाटणार नाही. सूर न लागणारा एखादा जुना गायक असतोच, आणि खुर्च्या मांडायला सर्वांच्या आधी येणाराही बहुधा तोच असतो.

कलेलाही तिचा हक्क आहे, हे आम्ही अमान्य करीत नाही. ऐकणाऱ्याला चांगले ते द्यावे हेही एक कर्तव्यच. मैत्रीपोटी कोणी कच्च्या हाताच्या वैद्याकडे शस्त्रक्रिया सोपवीत नाही. मात्र गाणे म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. तिथे कोणाचा प्राण अडलेला नसतो. शिवाय पीटला काढण्यामागे केवळ वादनाचे कारण होते असे म्हणवत नाही. तो अबोल, काहीसा अलिप्त. रिंगोशी तिघांचे मन जुळले होते. मन जुळणे हेही कारण असू शकते, परंतु मग ते त्याच नावाने सांगायला हवे.

‘पण निर्णय योग्यच ठरला की!’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो अल्बम तीस आठवडे ब्रिटनच्या यादीत पहिला राहिला, हे खरे. आम्ही उलट विचारतो: तो कोणी विकत घेतला नसता तर ऑगस्टमधली ती सकाळ अधिक वाईट ठरली असती काय? नसती. मग यशाने ती अधिक चांगली कशी ठरेल? संगीत ऐकताना कान लवकर क्षमा करतात. आमचेही करतात.

गंमत अशी की, पीटच्या जागी आलेल्या रिंगोलाही हा अनुभव चुकला नाही. ११ सप्टेंबर १९६२ ला तो स्टुडिओत पोहोचला तेव्हा ड्रम्सवर अँडी व्हाइट नावाचा व्यावसायिक वादक बसलेला. ‘लव्ह मी डू’ या गाण्यात रिंगोच्या हाती खंजिरी आली, दुसऱ्या एका गाण्यात खुळखुळे. त्या पहिल्या अल्बममध्ये ‘लव्ह मी डू’चे हेच ध्वनिमुद्रण आहे. रिंगोला ते फार लागले; वर्षानुवर्षे तो त्याची आठवण काढीत असे. तरी तो खोलीतच होता. कमी महत्त्वाचे का होईना, त्याच्या हाती काही दिले गेले, आणि पाच महिन्यांनी दिवसभराच्या त्या ध्वनिमुद्रणात ड्रम्सवर तोच बसला. पीटसाठी अशी खंजिरी शोधण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. काढून टाकण्याचा निर्णय कदाचित समर्थनीय ठरेल; तोंडाने न सांगता दुसऱ्याच्या तोंडून सांगविणे कशाने समर्थनीय ठरावे, ते आम्हांला कळत नाही. लेननने पुढे स्वतःच कबूल केले की त्या प्रसंगी आपण भेकडासारखे वागलो. एवढी कबुली द्यायलाही धैर्य लागते, हे त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. गाण्याखाली नाव घालताना ज्यांचे मन एवढे मोठे होते, त्यांना मित्राच्या डोळ्यांत पाहून दोन वाक्ये बोलवली नाहीत.

पीट काही काळ दुसऱ्या बँडांतून वाजवीत राहिला. नंतर पावाच्या कारखान्यात माल भरण्याचे काम केले, आणि मग वीसेक वर्षे सरकारी नोकरी केली, तीही बेकारांना काम मिळवून देणाऱ्या कार्यालयात. १९९५ मध्ये बीटल्सच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा ‘अँथॉलॉजी’ हा संग्रह निघाला. त्याच्या पहिल्या भागात पीटने वाजविलेली काही गाणी आली आणि तेहेतीस वर्षांनी त्याच्या वाट्याचे मानधन त्याला मिळाले. त्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर मात्र बँडच्या आरंभकाळचे एक छायाचित्र फाटलेल्या अवस्थेत दाखविले आहे. पीटचा चेहरा नेमका फाटलेल्या भागात गेला आहे, आणि त्या भोकातून खालचा रिंगोचा चेहरा दिसतो.

२००८ मध्ये पीट बेस्टच्या स्वतःच्या बँडचा अल्बम निघाला. कॅसबाचे तळघर ज्या रस्त्यावर आहे त्याचेच नाव त्याला दिले आहे, ‘हेमन्स ग्रीन’. मुखपृष्ठावर त्या छायाचित्राचा फाटून गेलेला तुकडा आहे.