कोणाच्या हातचे?

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीला बांध घालून जो विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला आहे, त्याची सरकारी दप्तरातील नोंद ऊर्ध्व वर्धा प्रकल्प या रूक्ष नावाने झाली असली, तरी त्या पाण्याला दुसरे एक नाव आहे, नल-दमयंती सागर; आणि विदर्भाच्या राजकन्येचे व तिने वरलेल्या राजाचे हे नाव याच मुलखातील पाण्याला मिळावे, यात औचित्य आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. नळाच्या कथेतील हंस, स्वयंवर, द्यूत आणि वनवास यांवर कवींनी पुष्कळ लिहिले. परंतु महाभारताच्या वनपर्वात त्या कथेची खरी गाठ सुटते ती पाकशाळेत. राज्य गेलेला, रूप पालटलेला, बाहुक या नावाने ऋतुपर्णाच्या पदरी सारथ्य आणि स्वयंपाक करणारा नळ जेव्हा कुंडिनपुरात येतो, तेव्हा दमयंती त्याच्या मुद्रेवर विश्वास ठेवीत नाही, त्याच्या वाणीवरही पुरता ठेवीत नाही. ती केशिनी या दासीकरवी बाहुकाने शिजविलेल्या मांसाचा एक तुकडा मागविते, तो जिभेवर ठेविते, आणि हा हात कोणाचा हे तिला कळून चुकते. ‘पाकदर्पण’ नावाचा संस्कृत ग्रंथ परंपरेने नळाच्या नावावर घातला आहे, तो त्याने लिहिला असो वा नसो. पत्नीने पतीला त्याच्या रांधण्यावरून ओळखावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्याही पाकशास्त्र्याला मिळालेले नाही.

घरच्या अन्नाच्या सुखाचे मूळ या ओळखण्यात आहे. तीच तूरडाळ, तेच मीठ, तीच मोहरी; आणि तरीही आईचे वरण काकूच्या वरणाहून निराळे लागते, आणि डोळे मिटून घास घेणाराही ते सांगू शकतो. परंतु हात ओळखण्याची हीच शक्ती आपल्या समाजाने शतकानुशतके एका अगदी निराळ्या कामाला जुंपली. हा घास कोणी रांधला, हा प्रश्न जिभेने विचारण्याऐवजी जातीने विचारला. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या हातची भाकर चालत नाही, कोणाला ओटीवर वाढावे आणि कोणाला अंगणाबाहेर, याचे न लिहिलेले जमाखर्च गावोगाव इतक्या चोखपणे ठेवले गेले, की तलाठ्याच्या दप्तरात चूक सापडेल, त्यात सापडणार नाही. अन्न वाटून खाण्याच्या कल्पनेचा मराठी मुलखातील प्रवास मला दिसतो तो या दोन ओळखी एकमेकींपासून सोडविण्याच्या खटपटीचा, आणि ती खटपट आजही पुरी झालेली नाही.

तिचा एक अतिप्राचीन दाखला मोर्शी तालुक्यातच आहे. रिद्धपूर, महानुभावांचे ऋद्धिपूर, जेथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, जेथे महदंबेच्या धवळ्यांचा जन्म झाला आणि जेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे, तेथे तेराव्या शतकात गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत होते. चक्रधरस्वामींच्या या गुरूंचे चरित्र वाचताना पांडित्याची अपेक्षा धरणारा वाचक गोंधळून जातो, कारण हा पुरुष प्रवचन करीत नाही, वाद घालीत नाही. तो गावात हिंडतो, कोणाच्याही घरात शिरतो, आवडेल ते मागतो आणि खातो, आणि ज्या वस्तीत अग्रहारातील ब्राह्मण पाऊल टाकणार नाहीत, त्या वस्तीतही तितक्याच सहजपणे जातो. लोक त्यांना वेडे म्हणत आणि राऊळ माय, राऊळ बाप असेही म्हणत. महानुभावांच्या आचारधर्मात चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्याचा दंडक आहे, पण नियमाने मागितलेली भिक्षा आणि लेकराने चुलीपाशी येऊन मागितलेला घास यांत अंतर आहे. गोविंदप्रभूंचे खाणे दुसऱ्या जातीचे होते. रांधणाऱ्या बाईचा हात त्यांनी चवीने ओळखला, कुळाने ओळखला नाही.

पुढील काळात ही वाट मळली नाही. वाढले ते अन्नदान. सदावर्ते चालली, यात्रांतून पंगती उठल्या, श्राद्धपक्ष, मौंजी, लग्ने आणि तेरव्या यांनी पंचांग भरून गेले, आणि अतिथीला विन्मुख न पाठविण्याचा वऱ्हाडी शिरस्ता तर असा की, दारी आलेल्या माणसाला ‘जेवाले बसा’ म्हटल्यावाचून पुढचे बोलणे सुरू होत नसे. या औदार्याला उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. उपाशी माणसाला दात्याच्या भूमिकेची चिकित्सा करीत बसण्याची सवड नसते. तथापि दानात देणाऱ्याचा हात वर राहतो, घेणाऱ्याचा खाली, आणि पंगतीत तर जातवार बैठकीचा बंदोबस्त इतका कडक असे की पाचशे माणसे एका मांडवात जेवूनही कोणी कोणाबरोबर जेवले नाही, असे घडे.

एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या लोकांनी हा बंदोबस्त मोडायला घेतला, तो बराचसा लपतछपत. मुंबईत १८४९ च्या सुमारास निघालेल्या परमहंस सभेचे सभासद दारे लावून पाव खात, कारण तो पाव अन्य धर्मीयाने भाजलेला असे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे प्रभृतींनी हजेरी लावली आणि चहा-बिस्किटांपायी ग्रामण्य माजून शंकराचार्यांपर्यंत चौकशीचे प्रकरण गेले. इतिहासात या प्रसंगांना मोठी जागा मिळाली आहे. मला मात्र त्यांत जेवणाचे सुख कोठेच दिसत नाही. ज्या चहाची चव कोणालाच आठवत नाही, केवळ तो कोणी कोणी घेतला याची यादीच तेवढी उरते, तो चहा बंडाचा असेल, आतिथ्याचा नव्हे.

याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांचे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन आहे ते वाचून हसावे की रडावे हे कळत नाही, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून त्या घरात येत नसे, आणि त्या धुण्यात घरातल्या बायकांचे आयुष्य धुऊन निघत असे. अशा घरातून आलेल्या बाईचा पती १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. नवरा गेला त्या धर्मात आपण जावे की न जावे हा तर मोठाच प्रश्न. परंतु लक्ष्मीबाईंच्या मनात खरी उलथापालथ झाली ती कोणाच्या हातचे खावे या रोजच्या, क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून. कोणाच्या व्याख्यानाने ती झाली नाही. जात देवाने केली की माणसाने, याचा त्यांनी आपल्याशीच विचार केला, उत्तर मिळताच ते पचनी पाडायला लागल्या, आणि पूर्वी ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्यांच्या हातचे अन्न त्यांना चालू लागले. पुरुषांची सुधारणा सभागृहातून घराकडे येत होती. या एका बाईची चुलीपासून निघाली. पहिलीविषयी ग्रंथ पुष्कळ झाले, दुसरीविषयी आपल्याजवळ हे एक पुस्तक आहे, आणि ते पुरेसे आहे.

वऱ्हाडात हा विचार पुस्तकाच्या नव्हे, खापराच्या वाटेने आला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर या परीट कुळातील माणसाने आपल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मांस-मद्याची मेजवानी न देता गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद रुष्ट झाले. पुढे १९०५ साली घर सोडून हाच माणूस डोक्यावर फुटके गाडगे आणि हाती खराटा घेऊन निघाला आणि गाडगेबाबा झाला. आधी गाव झाडावे, मग भाकर मागावी, आणि मिळेल ती त्याच गाडग्यात घेऊन खावी, हा त्यांचा क्रम. या क्रमाकडे जितके पाहावे तितके त्यातले शहाणपण उलगडते: झाडून झाल्यावर मागितलेली भाकर ही भिक्षा राहत नाही, ती मजुरीही होत नाही, आणि देणाऱ्याचा हात आपोआप घेणाऱ्याच्या हाताच्या पातळीवर येतो. पूर्णेच्या काठी ऋणमोचनाच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना त्यांनी जेवू घातले आणि त्याच तोंडाने कर्ज काढून तेरवीची पंगत उठविणाऱ्यांना कीर्तनातून फैलावर घेतले. कापसाच्या या मुलखात सावकाराच्या वहीत किती पुरणपोळ्या गहाण पडल्या असतील! बाबांना जेवण घालण्याचे वावडे नव्हते. लोकलाजेने घातलेल्या जेवणाचे होते.

याच सुमारास अमरावतीत १९२७ साली अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, तीत पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. त्यांनी चालविलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि जेवत. मंदिरप्रवेशाचा गाजावाजा झाला, आणि व्हायलाच हवा होता. परंतु मला वाटते, गाभाऱ्यापेक्षा भोजनगृह अधिक अवघड. देवाच्या दारी माणूस क्षणभर उभा राहतो, पंगतीत त्याला शेजाऱ्याचा कोपर लागतो, आणि उद्या सकाळी पुन्हा लागतो.

मोझरीला १९३५ साली तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारले. त्यांच्या पुण्यतिथीच्या महोत्सवाची समाप्ती गोपालकाल्याने होते. काल्याची कल्पना थेट गोकुळातली: प्रत्येकाची शिदोरी एकत्र करायची, इतकी कालवायची की कोणाची भाकर कोणती हे सांगता येऊ नये. जातीची ओळख बुजविण्याचा याहून परिणामकारक उपाय दुसरा सुचत नाही. तरीसुद्धा एक शंका मनात राहते ती राहतेच. काल्यात जात बुडते, आणि तिच्याबरोबर हातही बुडतो; रखमाचा ठेचा आणि शेवंताची आंबाडीची भाजी एक होऊन जाते, आणि कोणालाच ‘हे कोणी केले?’ असे कौतुकाने विचारता येत नाही. उत्सवाच्या दिवशी हे ठीक. रोजच्या जेवणाला मात्र असा काला सोसणार नाही. अनंत हरि गद्रे यांनी सत्यनारायणाला शिऱ्याऐवजी झुणका-भाकरीचा प्रसाद ठेवून आणि पूजेला दलित दांपत्य बसवून जो मार्ग काढला, तो या दृष्टीने अधिक चतुर होता. झुणका कोणी केला हे सर्वांना ठाऊक असायचे, आणि ठाऊक असूनच तो खायचा असे.

येथवर ज्या हातांची गोष्ट झाली, त्यांतले बहुतेक हात बायकांचे, आणि त्या हातांना पंगतीत जागा नव्हती हे मुद्दाम सांगायला हवे. वाढणारी शेवटी जेवते, या रिवाजाला धर्माचा आधार कोणी मागितला नाही आणि दिलाही नाही. तो इतका अंगवळणी पडला होता. तळाशी राहिलेले वरण, करपलेली भाकर आणि उरलीच तर भाजी, हे तिचे ताट. आणि तिच्या हाताची तारीफ ओसरीवरून आत येई, ती गरम भाकर आणखी एक हवी या रूपाने. पाकशास्त्रावरील पहिले मराठी पुस्तक, ‘सूपशास्त्र’, १८७५ साली निघाले तेही पुरुषाच्या नावे, रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या. पुढे लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० मध्ये ‘गृहिणीमित्र’ लिहून हजार पाकक्रिया नोंदविल्या, आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने तर वाटी-चमच्याची मापे देऊन घरोघर ठाण मांडले. या पुस्तकांवर ‘कागदावरून स्वयंपाक होतो काय?’ असे नाक मुरडणाऱ्या आजीबाई मीही पाहिल्या आहेत. अंदाजाने मीठ टाकणाऱ्या बाईला मापाची वाटी हा आपला अपमान वाटतो. पण मापाने एक मोठे काम केले. सांगलीच्या बाईचा हात तिला कधीही न भेटलेल्या अकोल्याच्या सुनेला घेता आला, आणि देताना कोणी कोणाचे कूळ विचारले नाही.

आणि आता रोडगे. जगात पक्वान्ने पुष्कळ असतील, परंतु संत्र्याच्या बगीच्यात हिवाळ्याच्या दुपारी होणाऱ्या रोडग्यांच्या जेवणाची सर कशालाच नाही, असे मोर्शी-वरुडचा कोणताही कास्तकार छातीवर हात ठेवून सांगेल, आणि त्याला खोटे पाडण्याची माझी इच्छा नाही. जाडसर दळलेली गव्हाची कणीक तेला-मिठाने घट्ट भिजवायची, तिच्या लहान-मोठ्या पाऱ्या करून तेलाचा हात देत एकीत एक मिटायच्या, गोळा वळायचा, आणि गोवऱ्यांच्या जगऱ्यात खालीवर करीत तो भाजून मग गरम राखेत गाडून ठेवायचा. आत पापुद्रे सुटतात, बाहेर कवच टणक होते. फोडून त्यावर तूप ओतायचे, सोबत बियांसकट शिजलेली, तर्री सुटलेली वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. आणि शेवटचा रोडगा गूळ-तुपात कुस्करायचा. बहिरमच्या यात्रेत याच रोडग्याला मातीच्या हंडीतल्या मटणाची जोड मिळते. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते तो सासरची सारी माणसे दूर होऊन आपण एकटीच राहावे म्हणून. नाथांचा विनोद असा की, एकट्या माणसासाठी रोडगे होतच नाहीत. एवढा जगरा, एवढी राख, एवढा वेळ एकासाठी कोण घालील?

रोडगे पुरुष करतात, ही त्यांतली खरी अपूर्वाई. घरात पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने न भरणारा गृहस्थ येथे धोतर खोचून राखेत बसतो, आणि बायका झाडाखाली सतरंजीवर बसून ‘कच्चा राहिला जी’, ‘मीठ कमी पडलं’ असे ताशेरे ओढतात. बगीच्यात राबणारी मजूरमंडळी, शेजारचा कास्तकार, तहसील कचेरीतला ओळखीचा कारकून, गावाहून आलेले जावई, अशी सरमिसळ एका ओळीत बसते, आणि यांतले बरेचजण एकमेकांच्या घरात असेच चुलीपर्यंत जातील काय, हा प्रश्न त्या दुपारी कोणी काढीत नाही. मी काढला, तर माझ्या पानावर आणखी एक रोडगा पडेल आणि वर तुपाची धार येईल. एवढे मात्र खरे की कोणाच्या रोडग्याला पापुद्रे सुटले आणि कोणाचा दगड झाला, यावरून ज्या जोरकस चर्चा होतात, त्यांत हात नावाने ओळखला जातो आणि बाकी काही ओळखले जात नाही. ही मुभा बगीच्यातून वाड्यात, आणि वर्षातल्या दोन-तीन दुपारींतून रोजच्या रात्रीत कधी येईल ते मला सांगता येत नाही. रोडगे भाजणारे पुरुष जेवण आटोपल्यावर विडे लावून सावलीत आडवे होतात. रोडग्याला तवा लागत नाही, परात एकच, पण वांग्याचे आणि वरणाचे अशी दोन मोठी गंजे राहतात, बुडाला काजळी धरलेली, आणि ती कोणी घासायची यावर विहिरीपाशी अजून तरी वाद होत नाही. तो व्हायला हवा आहे.