शुद्ध

मोहोळहून पंढरपूरला निघालो, वाटेत हॉटेलात जेवायला थांबलो. पाटी होती, 'शुद्ध शाकाहारी'. सोबत आमच्या जुन्या सालगड्याचा मुलगा. एकाच टेबलावर भाकरी, पिठलं, शेंगाचटणी आली, आणि मला त्याचा बाप आठवला. माझ्या लहानपणी गावच्या हॉटेलात आम्ही आत बाकावर चहा प्यायचो. तो बाहेर, वेगळ्या कपात. कपही त्यानंच विसळायचा. मांसमच्छी तिथंही नव्हतीच.

१९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानं पंढरीचं देऊळ दलितांना खुलं झालं. आमच्या गावात कप मात्र वेगळाच राहिला. मोठा झालो तरी मी गप्पच बसलो. माणूस पंगतीबाहेर ठेवून रांधलेलं अन्न शुद्ध कसं म्हणायचं?

"तात्या, जेवा की, गार होतंय," तो म्हणाला.

बिल त्यानंच दिलं. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.