झारीतले शुक्राचार्य आणि डोळ्याची वाट

कोपरगावच्या बेटात, गोदावरीकाठी, शुक्राचार्यांचं देऊळ आहे. लग्नाला तिथं मुहूर्त पाहावा लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. मला मात्र गाभाऱ्यापाशी गेलं की या गुरूचा गेलेला डोळा आठवतो. बळीराजा वामनाला दान सोडायला निघाला, तेव्हा हे इवलेसे होऊन झारीच्या तोटीत बसले. पाणी अडलं. वामनानं दर्भाची काडी खुपसली आणि डोळा फुटला. तेव्हापासून फाईल अडवून बसणारा प्रत्येक जण झारीतला शुक्राचार्य. अडवणं म्हणजे वाईटच, हे आपल्या भाषेनं कायमचं ठरवून टाकलं.

डोळ्यापुरता तरी हा निकाल फिरवावा लागेल.

गर्भात डोळा घडत असताना दृष्टिपटलातल्या दहा-बारा लाख पेशी मेंदूकडे एकेक तंतू सोडतात. इथं शेजारी असलेले तंतू तिथंही शेजारीच पोचायला हवेत, नाहीतर दिसणाऱ्या चित्राचा काला होईल. प्रत्येक तंतूच्या टोकाला पंजासारखा शंकू असतो, तो चाचपत पुढं सरकतो. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये त्याचं वर्णन केलं. पण त्याला वाट कळते कशी?

रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात बेडूक आणि त्याच्या नात्यातले न्यूट घेतले, डोळ्याची नस कापली आणि डोळा खोबणीत उलटा फिरवला. या प्राण्यांची नस पुन्हा वाढते. ती वाढली, आणि तंतू आपापल्या जुन्या जागीच जाऊन बसले. परिणाम असा की माशी वर धरली की बेडूक खाली झेप घ्यायचा. सवयीनं सुधारणा झाली नाही. तंतूंच्या अंगावर रासायनिक खूण असते आणि मेंदूत तिला जुळणारी खूण असते, अशी मांडणी स्पेरींनी १९६३ मध्ये केली.

हे ऐकून वाटतं, मेंदूतली प्रत्येक जागा आपापल्या तंतूला हाका मारत असणार. मलाही तसंच वाटलं होतं. ट्यूबिंगेनमधल्या फ्रीडरिश बोनहोफर यांच्या प्रयोगशाळेनं १९८७ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूतल्या दृष्टीच्या केंद्राचा पुढचा आणि मागचा भाग घेऊन त्यांच्या पेशीपटलांचे आलटून पालटून पट्टे अंथरले. एकेक पट्टा जेमतेम केसाएवढा रुंद. दृष्टिपटलाच्या कानाकडच्या बाजूचे तंतू त्यावर सोडले, तर ते सरळ रांगा धरून फक्त पुढच्या भागाच्या पट्ट्यांवरून गेले. मग मागच्या भागाची पटलं तापवून निकामी केली, आणि तंतू बेधडक दोन्हीकडे पसरले. म्हणजे पुढचा पट्टा बोलावत नव्हता. मागचा हाकलत होता. १९९५ मध्ये हे हाकलणारे रेणू हाती लागले. त्यांना एफ्रिन म्हणतात. त्या केंद्राच्या मागच्या टोकाकडे ते वाढत जातात, आणि कानाकडच्या तंतूंवर त्यांना ओळखणारे ग्राही जास्त असतात. म्हणून ते तंतू अलीकडेच थांबतात, नाकाकडचे पार आतपर्यंत जातात. नकाशा उमटतो तो बराचसा नकारांतून.

कालव्याचं आवर्तन सुटलं की आमच्याकडे रात्री दारं धरायला जातात. बॅटरी, फावडं, गुडघ्यापर्यंत चिखल. एक सरी भरली की तिच्या तोंडाशी मातीचं ढेकूळ टाकायचं आणि पुढच्या सरीचं दार फोडायचं. उसाच्या मुळाशी पाणी पोचतं ते या अडवण्यानंच. तो माणूस झोपला, तर सकाळी वरच्या कोपऱ्यात तळं आणि खालचा ऊस कोरडा.

कोपरगावचीच आणखी एक आठवण इथं चपखल बसते. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा इथं येऊन राहिले आणि १७८३ मध्ये इथंच वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकुमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही दंतकथा त्यांच्या घराला चिकटली ती सुटली नाही. बाईंवर तो अन्यायच असावा. पण खरा ध चा मा होतो तो डोळ्यात. नेट्रिन नावाचा रेणू डोळ्यातल्या तंतूंना आपल्याकडे ओढतो. मात्र लॅमिनिन हे प्रथिन सोबत असलं की तोच नेट्रिन त्यांना दूर ढकलतो. क्रिस्टीन होल्ट यांच्या गटानं हे १९९९ मध्ये बेडकाच्या तंतूंवर दाखवलं. नस डोळ्याबाहेर पडते त्या तोंडाशी, दृष्टिपटलाच्या पृष्ठभागावर, दोन्ही एकत्र असतात. तिथवर आलेल्या तंतूनं तिथंच रेंगाळू नये, बाहेर पडावं, याची ती तजवीज असावी, असं त्यांचं म्हणणं. निरोप तोच, वाचणारा बदलला.

मोठेपणी मात्र अडवणाऱ्यांशी पुन्हा गाठ पडते आणि तिथं माझं कौतुक आटतं. माणसाची दृष्टीची नस एकदा तुटली की बेडकासारखी वाढत नाही. तंतूंची वाढायची उमेद ओसरलेली असते, शिवाय नसेच्या वेष्टनातले नोगोसारखे रेणू वाट अडवतात. तिथं दर्भाची काडी कुठं आणि कशी खुपसायची, यावर प्रयोगशाळा झटत आहेत.

आईला काचबिंदू आहे. नस सुकत चालली, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली राखायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. रोज रात्री नऊ वाजता ती मान मागं टाकून बसते आणि मी थेंब घालतो. बाटलीचं तोंड कधी कधी सुकून बुजतं. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं ते पुसतो, एक थेंब बाहेर सांडू देतो, आणि ती म्हणते, “आला का रे?”