मुक्या जिवाची वही

साप ओरडत नाही, कण्हत नाही, दुखलं-खुपलं तर जवळ येऊन बसत नाही. आजार अंगात मुरेपर्यंत नेहमीसारखाच वेटोळं घालून पडलेला असतो. म्हणून त्याच्या पेटीशेजारची नोंदींची वही मला पेटीतल्या थर्मामीटरइतकीच गरजेची वाटते.

इथे अमेरिकेत आमच्या मुलीने बॉल पायथन पाळला आहे. मूळचा आफ्रिकेतला, चारेक फुटांचा, शांत स्वभावाचा अजगर. (भारतात नाग, धामण किंवा आपला अजगर घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.) हा प्राणी कधी कधी, विशेषतः हिवाळ्यात, महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाही. जेवला नाही म्हणून मुलांच्या मागे ताट घेऊन फिरणारी आपण माणसं. जीव कासावीस होतो. पण दर पंधरवड्याचं वजन फारसं हललेलं नसेल, तर काळजीचं कारण सहसा नसतं. आकडा उतरत चालला असेल, तर डॉक्टर गाठायचे. नुसत्या नजरेला दोन्ही वेळी साप सारखाच दिसतो.

कातीची नोंद मला सगळ्यात आवडते. आधी डोळे निळसर, दुधाळ होतात, मग पुन्हा निवळतात आणि काही दिवसांनी कात पडते. निरोगी सापाची कात उलट्या काढलेल्या मोज्यासारखी अखंड निघते. मुलगी ती उजेडात धरून डोक्याकडचा भाग निरखते: डोळ्यांवरच्या दोन्ही पारदर्शक चकत्या निघाल्या ना? कात तुकड्यांत आली, तर पेटीत दमटपणा बहुधा कमी पडलेला असतो. मग मागच्या पानांवरचे आर्द्रतेचे आकडे तपासायचे.

सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने 2020 मध्ये सात अंडी घातली. एका खासगी मालकाकडून ती 1961 मध्ये तिथे आली होती. वय साठीपलीकडचं, आणि किमान पंधरा वर्षं नराचा सहवास नाही. इतक्या काळात तिला सांभाळणारे हात कितीदा बदलले असतील! हे सगळं आज सांगता येतं, कारण कुणीतरी लिहून ठेवलं.

घरातला बॉल पायथनही वीस-तीस वर्षं सहज जगतो. मुलीचं शिक्षण, नोकरी, शहर, सगळं तोवर बदलेल. कधी साप दुसऱ्याच्या हवाली करावा लागला, तर पेटीबरोबर वहीही द्यायची, हे तिने ठरवलं आहे. त्यामुळे हल्ली ती स्वतःपुरत्या खुणा करत नाही. अनोळखी माणसालाही कळेल असं, पूर्ण वाक्यात लिहिते.